प्लेटलेट : एका आकड्याचा इतिहास

भाद्रपद सरत आला की नागपुरात एक प्रश्न घरोघरी ऐकू येतो. उन्हाळ्यात चाललेले कूलर अजून खिडकीतच असतात, त्यांच्या टाकीत पावसाचे पाणी साचलेले असते आणि गांधीबाग, इतवारी, महालच्या दाट वस्तीत एखाद्या घरात ताप शिरतो. मग शेजारी, नातेवाईक, दुकानातला भागीदार, जो भेटेल तो विचारतो, "प्लेटलेट किती?" रुग्णाला लघवी नीट होते का, पोट दुखते का, हे प्रश्न मागाहून येतात, पुष्कळदा येतही नाहीत. उत्तर आकड्यातच द्यायचे असते. "काल साठ होत्या, आज बेचाळीस." पुढे 'हजार' म्हणायचीही गरज पडत नाही.

गांधीबागेला हा आकडा नवा नाही. बायकांचे डागा रुग्णालय याच वस्तीत आहे, मेयो हाकेच्या अंतरावर आहे आणि ठोक औषधांची बाजारपेठही इथलीच. कापडाचा भाव जसा तोंडपाठ असतो, तसा सप्टेंबर-ऑक्टोबरात इथल्या माणसाला प्लेटलेटचा आकडा पाठ असतो. 'वीस हजारांच्या खाली गेल्या' हे वाक्य ऐकले की घरातले तरुण रक्तपेढीच्या रांगेत धावतात. वैद्यकाची पदवी नसलेल्या माझ्यासारख्या वाचणाऱ्या माणसाला त्यातून एक प्रश्न पडला. वीस हजार हा आकडा आला कुठून? तो कोणी, कोणत्या रुग्णांसाठी, कशाच्या आधारावर ठरवला? उत्तर शोधताना पावणेतीनशे वर्षांचा इतिहास समोर आला आणि शेवटी असे दिसले, की आपण ज्या आकड्याला भितो तो मुळात आपल्या आजारासाठी तयारच झालेला नव्हता.

डागांकडून कणांकडे

आकड्याच्या आधी डाग होते. अंगावर मार न लागता उमटणारे जांभळे डाग, हिरड्यांतून आणि नाकातून येणारे रक्त, हे जुन्या वैद्यांना चांगले ठाऊक होते. आपल्याकडे आयुर्वेदाने 'रक्तपित्त' या नावाखाली रक्तस्रावाचा विचार केला. वरच्या मार्गाने जाणारे रक्त साध्य, खालच्या मार्गाने जाणारे याप्य, म्हणजे केवळ आटोक्यात ठेवता येणारे, आणि दोन्हीकडून जाणारे असाध्य अशी प्रतवारी केली. रक्तपित्त आणि आजची प्लेटलेटची कमतरता हे एकच, असे म्हणण्याचे कारण नाही. पण वैद्याची नजर कुठे होती ते त्यातून कळते. रक्त कुठून येते, किती येते आणि रुग्णाचे बळ किती उरले आहे, हे तो पाहत होता. युरोपात हॅनोव्हर दरबारचा वैद्य पाउल गोटलिब व्हेर्लहोफ याने १७३५ साली एका तरुण मुलीच्या अशाच डागांच्या आजाराचे वर्णन केले. त्याचे नाव पुढे कितीतरी काळ त्या आजाराला चिकटून राहिले. डागांमागे रक्तातले नेमके काय कमी आहे, हे मात्र त्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

तो मार्ग सूक्ष्मदर्शकाने उघडला, पण सावकाश. १८४२ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेद दोने याने तांबड्या आणि पांढऱ्या पेशींखेरीज रक्तात आणखी बारीक कण दिसतात, असे नोंदवले. १८६५ साली जर्मनीत माक्स शुल्झ याने त्यांचे अधिक नीट वर्णन केले. १८७४ साली तरुण विल्यम ऑस्लर याने ते जिवंत रक्तवाहिनीत सुटे वाहताना आणि बाहेर काढलेल्या रक्तात गठ्ठ्याने जमलेले पाहिले. तरीही हे रक्ताचेच घटक आहेत की बाहेरून आलेले काही सूक्ष्म जीव, याविषयी त्याचा निर्णय होत नव्हता. या शंकेत नवल नाही. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, तर हा कण जेमतेम दोन-तीन मायक्रॉनचा. शिवाय शरीराबाहेर येताच तो चिकटतो, आकार बदलतो, गठ्ठे करतो. पाहायला जावे तर पाहण्याच्या खटपटीतच तो बिघडतो.

हा गुंता सोडवला इटलीतल्या तुरिनच्या जुलिओ बिझ्झोझेरो याने. त्याने १८८१-८२ मध्ये जिवंत प्राण्यांच्या पोटातील पातळ पडद्यामधल्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, वाहिनीच्या भिंतीला मुद्दाम इजा केली आणि काय घडते ते पाहिले. जखमेच्या जागी सर्वांत आधी हे बारीक कण येऊन चिकटत होते. त्यांचा थर बसत होता आणि गळती बुजत होती. हा रक्ताचा तिसरा स्वतंत्र घटक आहे आणि त्याचे काम भोक बुजवण्याचे आहे, हे त्यामुळे ठरले. त्याने नाव दिले 'पियास्त्रिने', म्हणजे लहान चकत्या. इंग्रजीत त्याचे 'प्लेटलेट' झाले. आपल्या शालेय पुस्तकांत कुठे 'रक्तपट्टिका' तर कुठे 'रक्तबिंबिका' असे शब्द आले. दवाखान्यात मात्र प्लेटलेटच रुळले.

मोजणी सुरू झाली

कण ओळखल्यावर मोजणी आलीच. पॅरिसच्या जॉर्ज हायेम याने रक्तकणांच्या मोजणीला शिस्त लावली. १८८० च्या दशकातच व्हेर्लहोफच्या डागांच्या आजारात हे कण फार कमी असतात, असे दिसू लागले. डाग आणि आकडा यांची गाठ पडली ती इथे. १९०६ साली बॉस्टनमध्ये जेम्स होमर राइट याने रंगवलेल्या काचपट्ट्या पाहून दाखवून दिले, की या चकत्या अस्थिमज्जेतल्या अवाढव्य पेशींचे तुटून सुटलेले तुकडे आहेत. एका पेशीतून अशा हजारो चकत्या सुटतात, सात ते दहा दिवस रक्तात फिरतात आणि संपतात. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. यांपैकी जवळपास एक तृतीयांश साठा कोणत्याही वेळी प्लीहेत असतो.

या दोन-तीन वाक्यांत कमतरतेची सगळी कारणे आहेत. कारखान्यात उत्पादन घटले, बाजारात माल नासला किंवा गोदामात अडकला, तर दुकानातला माल कमी होणारच. कापडाच्या व्यापाऱ्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. कमतरता सारखीच दिसली, तरी कारण वेगळे असते आणि म्हणून उपायही वेगळा असतो.

पुढच्या पन्नास वर्षांत ही तीन कारणे एकेक करून उलगडली. १९१० साली विल्यम ड्यूक याने बॉस्टनमध्ये कानाच्या पाळीला टोचून रक्त किती वेळात थांबते, हे टिपकागदावर मोजले. प्लेटलेट कमी असलेल्या रुग्णाला दुसऱ्याचे ताजे रक्त दिल्यावर प्लेटलेट वाढतात आणि स्राव थांबतो, काही दिवसांनी आकडा पुन्हा उतरतो, हेही त्याने नोंदवले. १९१६ साली प्रागमध्ये पाउल काझ्नेल्सन नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने एका रुग्ण स्त्रीची प्लीहा काढून पाहावी, असे आपल्या प्राध्यापकांना सुचवले. शस्त्रक्रियेनंतर तिच्या प्लेटलेट झपाट्याने वाढल्या. अस्थिमज्जा माल तयार करत होती, तो प्लीहेत नासत होता.

तो का नासतो, याचे उत्तर विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टराने १९५० साली अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये स्वतःच्या अंगावर घेतले. प्लेटलेट कमी होण्याचा चिवट आजार असलेल्या रुग्णाचे रक्त त्याने स्वतःला टोचून घेतले. काही तासांत त्याच्या प्लेटलेट जवळजवळ दिसेनाशा झाल्या, अंगावर डाग उठले, झटकाही आला. आठवड्याभरात तो सावरला. रुग्णाच्या रक्तातच प्लेटलेट मारणारे काहीतरी आहे, हे यातून सिद्ध झाले. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच चकत्यांवर उलटते, असा हा आजार. अशा रुग्णाला बाहेरून प्लेटलेट दिल्या तरी त्याही तितक्याच लवकर मारल्या जातात. म्हणून तिथे उपचार करायचा तो त्या यंत्रणेवर.

वीस हजार

आता वीस हजारांकडे येऊ. त्याचा जन्म अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत झाला. १९५० च्या दशकात तिथे रक्ताच्या कर्करोगाची मुले मोठ्या संख्येने दाखल होत आणि त्यांतली बरीच कर्करोगाच्या गाठीने नव्हे, रक्तस्रावाने मरत. एमिल फ्रायराइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांना ताज्या रक्तातल्या प्लेटलेट द्यायला सुरुवात केली आणि स्राव थांबू लागला. मग साहजिक प्रश्न आला : आकडा किती खाली गेला की धोका? १९६२ साली गेडॉस, फ्रायराइक आणि मँटेल यांनी ९२ रुग्णांच्या रोजच्या नोंदी ताडून एक निबंध प्रसिद्ध केला. आकडा जितका खाली, तितके स्रावाचे दिवस जास्त, असा सरळ उतार त्यांना दिसला. मात्र ज्याच्याखाली धोका एकाएकी वाढतो अशी उंबरठ्यासारखी रेषा त्यांना सापडली नाही. वीस हजारांच्या वर मोठा रक्तस्राव क्वचितच झाला, एवढे त्या नोंदींत होते. त्या काळी ताप उतरवायला ॲस्पिरिन सर्रास दिले जाई. ते प्लेटलेटचे काम बिघडवते, हे कळायला आणखी काही वर्षे जायची होती.

निबंधाने रेषा ओढली नव्हती, ती व्यवहाराने ओढली. रात्रपाळीच्या डॉक्टराला ठोकताळा लागतो आणि वीस हजार हा ठोकताळा सोयीचा होता. १९९७ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवर तुलना करून पाहिली. एका गटाला वीस हजारांखाली, दुसऱ्याला दहा हजारांखाली प्लेटलेट दिल्या. मोठ्या रक्तस्रावात फरक पडला नाही आणि दिलेल्या प्लेटलेटचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. ज्या आजारासाठी वीस हजारांचा जन्म झाला होता, तिथेच तो आकडा निम्म्यावर आला. आपल्या बाजारात मात्र जुनाच भाव चालू राहिला.

दरम्यान प्लेटलेटची पिशवीही घडत होती. काचेच्या बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, त्यामुळे रक्त फिरवून त्याचे घटक वेगळे काढणे सोपे झाले. १९६९ साली मर्फी आणि गार्डनर यांनी दाखवले, की प्लेटलेट फ्रिजमध्ये ठेवल्यापेक्षा साधारण २२ अंशांवर ठेवल्या तर शरीरात जास्त टिकतात. म्हणून आजही रक्तपेढीत त्यांची पिशवी फ्रिजबाहेर, सतत हलणाऱ्या फळीवर असते आणि तिचे आयुष्य जेमतेम पाच दिवसांचे असते. साथीच्या दिवसांत तुटवडा का पडतो, हे इथे कळते. हा माल साठवून ठेवताच येत नाही. एका गरजूला देता येईल ती पिशवी दुसऱ्याच्या भीतीपोटी संपते.

तापाची साथ आणि विसरलेला जोडीदार

डासांच्या तापाची नागपूरला जुनी ओळख आहे. १९६५ साली शहरात तापाची मोठी साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तिचा तपास केला. रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा निबंध १९७२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला. विषाणू निघाला चिकुनगुनियाचा. डेंग्यू पसरवणारा एडिस डासच हाही ताप पसरवतो. त्याआधी १९६३ मध्ये कलकत्त्यात डेंग्यू आणि चिकुनगुनिया दोन्ही एकदम उसळले होते. आग्नेय आशियात तर १९५३-५४ ला मनिलात आणि १९५८ ला बँकॉकमध्ये डेंग्यूने रक्तस्रावी रूप धारण केले होते.

डेंग्यूच्या निदानात प्लेटलेट आली ती बँकॉकमधून. तिथल्या बालरुग्णालयात डॉ. सुचित्रा निम्मान्नित्या यांनी शेकडो मुलांच्या आजाराची पावले दिवसागणिक टिपली. त्यांच्या निरीक्षणांवर जागतिक आरोग्य संघटनेची १९७५ ची मार्गदर्शिका उभी राहिली. त्या निकषांत दोन आकडे जोडीने होते. प्लेटलेट एक लाखाच्या खाली, आणि हिमॅटोक्रिट म्हणजे एकूण रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण २० टक्क्यांनी वाढलेले. गंभीर डेंग्यूत केशवाहिन्यांच्या भिंती सच्छिद्र होतात आणि रक्तातला द्रव बाहेर पाझरतो. मागे उरलेले रक्त घट्ट होते, रक्तदाब खचतो आणि रुग्ण बेशुद्धीकडे जातो. पुष्कळ मृत्यू या पाझरण्याने होतात. वेळेवर, मोजून दिलेला द्रव हा त्यावरचा खरा उपचार. निम्मान्नित्या यांनी मृत्यू कमी केले ते सलाइनच्या काटेकोर हिशेबाने.

१९९६ साली दिल्लीत मोठी साथ आली. दहा हजारांहून अधिक रुग्ण झाले आणि चारशेहून अधिक माणसे दगावली. तेव्हापासून डेंग्यू हा वर्तमानपत्रांचा दर पावसाळ्याचा विषय झाला. २०१२ च्या ऑक्टोबरात चित्रपट दिग्दर्शक यश चोप्रा मुंबईत डेंग्यूने गेले, तेव्हा पैसाही या तापापुढे पुरत नाही ही धास्ती मध्यमवर्गात खोल गेली. या सगळ्या वाटचालीत जोडीतला एक आकडा घरोघरी पोहोचला, दुसरा दवाखान्यातच राहिला. हिमॅटोक्रिट किती, असे गांधीबागेत कोणी विचारल्याचे माझ्या कानावर नाही.

डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, कारण विषाणू अस्थिमज्जेचे काम काही दिवस मंदावतो आणि रक्तातल्या चकत्याही झपाट्याने नष्ट होतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आकडा घसरतो, ताप उतरण्याच्या सुमारास तळ गाठतो आणि मग आपोआप चढतो. पपईच्या पानांचा रस, बकरीचे दूध, किवी, नाहीतर प्लेटलेटची पिशवी, यांपैकी जे काही पाचव्या-सहाव्या दिवशी दिले असेल त्याला श्रेय मिळते. पपईच्या पानांवर आपल्याकडे काही छोटे अभ्यास झाले. आकडा थोडा लवकर चढतो असे त्यांत दिसले. त्याने जीव वाचतो, असे सिद्ध झालेले नाही. पिशवीची परीक्षा अधिक कसोशीने झाली. सिंगापूर आणि मलेशियात ३७२ प्रौढ रुग्णांवर चाचणी घेतली गेली. सगळ्यांच्या प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून कमी होत्या आणि कोणालाही मोठा रक्तस्राव नव्हता. निम्म्यांना खबरदारी म्हणून प्लेटलेट दिल्या, निम्म्यांना नाही. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : रक्तस्राव टाळण्यात लक्षणीय फरक नाही, मात्र प्लेटलेट दिलेल्यांत त्रासदायक परिणाम जास्त. प्रत्यक्ष रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पिशवी जीव वाचवते.

एक आकडा, अनेक अर्थ

नुसत्या आकड्यावर नजर ठेवली की दुसरी चूकही होते. प्लेटलेट उतरल्या म्हणजे डेंग्यूच, असे घरातच ठरते. पण मलेरियात त्या उतरतात, लेप्टोत उतरतात आणि स्क्रब टायफसमध्येही उतरतात. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि भोवतालच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसची साथ आली आणि माणसे दगावली. गवत-झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून शिरणारा हा जिवाणू. चाव्याच्या जागी कधी काळी खपली धरते. ती काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली दडलेली असते, म्हणून मुद्दाम शोधावी लागते. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध आहे आणि वेळेत दिले तर ते चांगले लागू पडते. घरचे प्लेटलेटच्या पिशव्यांमागे धावत असतील आणि खपली कोणी पाहिलीच नाही, तर रुग्ण हातातल्या उपायावाचून जातो.

डागाच्या आवारात हाच आकडा आणखी वेगळे बोलतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत कित्येक निरोगी बायकांच्या प्लेटलेट एक-सव्वा लाखापर्यंत उतरतात आणि बाळंतपणानंतर पुन्हा भरतात. तिथे घाबरण्यासारखे बहुधा नसते. पण तितकाच आकडा चढलेल्या रक्तदाबाबरोबर, डोकेदुखी किंवा पोटाच्या वरच्या भागातल्या दुखण्याबरोबर आला, तर ती आई आणि बाळ दोघांच्या जिवावरची वेळ असू शकते. कधी तर आकडाच खोटा असतो. रक्त गोठू नये म्हणून नळीत असलेल्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेटचे गठ्ठे होतात आणि यंत्र गठ्ठ्याला एक मोजते. धडधाकट माणसाचा अहवाल अचानक तीस हजारांचा आला, तर काचपट्टीवर रक्त पसरून तंत्रज्ञाने डोळ्यांनी पाहावे लागते. बिझ्झोझेरोच्या काळी चिकटून फसवणाऱ्या चकत्या आजच्या यंत्रालाही फसवतात.

आकडा निरुपयोगी आहे, असा या इतिहासाचा अर्थ नाही. रक्ताच्या कर्करोगाच्या मुलाला त्या आकड्यानेच जीवदान दिले. पण अस्थिमज्जा बंद पडलेल्या मुलाचा वीस हजार आणि दोन दिवसांत आपोआप भरून येणाऱ्या तापकरी माणसाचा वीस हजार यांचा अर्थ एक नव्हे. आपण बेथेस्डाच्या वॉर्डातला ठोकताळा उचलला, बँकॉकच्या वॉर्डातला हिशेब मात्र उचलला नाही.

रक्ताचा जो छापील अहवाल आपण मोबाइलवर एकमेकांना पाठवतो, त्यात प्लेटलेटच्या ओळीपासून थोड्याच अंतरावर 'एचसीटी' किंवा 'पीसीव्ही' अशी एक ओळ असते. तेच हिमॅटोक्रिट. ते कालच्यापेक्षा चढले आहे का, हे डॉक्टरांना विचारता येते. ताप उतरल्यावरच्या दोन दिवसांत पोटदुखी, सतत उलट्या, गळून जाणे, लघवी कमी होणे, हिरड्यांतून रक्त येणे यांपैकी काही आहे का, हे घरातल्या कोणालाही पाहता येते; असेल तर आकडा लाखाच्या वर असला तरी रुग्णालय गाठायचे. पुढच्या भाद्रपदात गल्लीत कोणाकडे ताप आला आणि जिन्यावर कोणी भेटले, तर "प्लेटलेट किती?" याच्या आधी "लघवी होते ना नीट?" एवढे विचारावे. आणि त्या घरच्या कूलरची टाकी त्याच दिवशी रिकामी करून कोरडी पुसून ठेवावी.